बांध आपला, पाऊस दत्तगुरूंचा



संसारी दत्तभक्ताला एक प्रश्न कधी ना कधी पडतोच. मनात एखादी इच्छा असते, तिच्यासाठी आपण धडपडतो आणि मध्येच असं काही घडतं की तिथे आपलं काही चालत नाही. नातवाचा प्रवेश थोडक्या मार्कांनी हुकतो. मुलाची चांगली चाललेली नोकरी कंपनी बंद पडल्याने जाते. घर बांधायला काढावं तर आजारपण उभं राहतं. मग कुणी म्हणतं, "प्रयत्न कमी पडले." कुणी म्हणतं, "महाराजांच्या मनात नव्हतं." पहिलं ऐकून माणूस स्वतःला खात बसतो, दुसरं ऐकून हातपाय गाळतो. या दोन्हींच्या मधली वाट कोणती, याचा अल्पमतीने जो विचार केला तो या दत्तजयंती अंकात मांडतो. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, सारं आयुष्य बँकेच्या काउंटरमागे गेलं. शास्त्रीबुवांसारखं लिहिता येणार नाही. जमाखर्च मांडतो तसं मांडीन.

पाच कारणांचा हिशेब

गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंतांनी कोणत्याही कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. अधिष्ठान म्हणजे काम जिथे उभं राहतं तो आधार, कर्ता म्हणजे करणारा, करण म्हणजे साधनं, चेष्टा म्हणजे निरनिराळी खटपट, आणि पाचवं दैव.

यात दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. एक म्हणजे कर्ता हा पाचांपैकी एकच आहे. "मी केलं म्हणून झालं" म्हणणारा उरलेल्या चारांचं श्रेय आपल्या खात्यात जमा करतो. ती खोटी नोंद झाली. दुसरी गोष्ट, दैवसुद्धा पाचांपैकी एकच आहे. "नशिबातच नव्हतं" म्हणून सुरुवातीलाच बसून राहणारा बाकीच्या चार कारणांना हात न लावताच वही बंद करतो. तीही नोंद खोटीच. भगवंतांनी दैव यादीतून वगळलं नाही आणि एकट्या दैवाची यादीही केली नाही.

अवधूतांचे गुरू

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूतांनी यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले. त्यातला अजगर आपण सगळे सोयीने लक्षात ठेवतो. जे मिळेल त्यात तो समाधानी. पण याच यादीत बाण तयार करणारा कारागीरही आहे. तो कामात इतका गढून गेला की राजाची मिरवणूक वाजतगाजत समोरून गेली तरी त्याला कळली नाही. ज्यांनी अजगराला गुरू केलं त्यांनीच या बाणकऱ्यालाही गुरू केलं. म्हणजे संतोष आणि उद्योग यांचं वैर नाही. हात बाणकऱ्यासारखे चालू द्यावेत आणि ताटात काय पडलं याविषयी मन अजगरासारखं असावं.

तिसरा गुरू समुद्र. पावसाळ्यात नद्या भरभरून येतात म्हणून तो मर्यादा सोडत नाही, उन्हाळ्यात त्या आटल्या म्हणून तो कोरडा पडत नाही. आणि चौथी पिंगला. पैसेवाल्या गिऱ्हाइकाच्या आशेने ती मध्यरात्रीपर्यंत आत-बाहेर करत राहिली. आशा सुटली तेव्हा तिला शांत झोप लागली. इथे एक बारीक भेद आहे. तिची आशा सर्वस्वी दुसऱ्यावर टांगलेली होती. अशी आशा सोडायची असते, आपल्या हातातलं काम नव्हे.

घाटघरची खाचरं

हा भेद मला पोथीआधी शेतकऱ्यांनी शिकवला. जुन्नर तालुक्याच्या पार पश्चिमेला, नाणेघाटाच्या माथ्यावर आणि जीवधन किल्ल्याच्या पायथ्याशी घाटघर आहे. त्या भागातले पीककर्जाचे कागद माझ्या टेबलावर येत. मंडळी बहुतेक महादेव कोळी समाजाची, पीक मुख्यतः भात, वरकस जमिनीत नाचणी आणि वरई.

भाताचं काम पाहिलं तर पाचही कारणं तिथे दिसतात. उन्हाळ्यात पालापाचोळा, शेण, फांद्या पसरून राब भाजायचा. मृगाच्या आगेमागे रोप टाकायचं. रोप वितीएवढं झालं की खाचरात चिखलणी करून आवणी करायची. राब भाजणं, बांध घालणं, चिखल करणं हे माणसाच्या हातात. पण पाऊस दहा दिवस दडी मारून बसला तर रोप वयस्क होतं, आणि एकदम कोसळला तर बांध फोडून जातो. आश्विनात दाणा भरल्यावर पाऊस परत आला तर उभं पीक आडवं होतं.

एकदा एक वयस्कर शेतकरी कर्जाच्या नूतनीकरणाला आले होते. मी विचारलं, "बाबा, यंदा पीक कसं येणार?" ते म्हणाले, "साहेब, बांध आपला, पाऊस देवाचा. बांध फुटला तर मी जबाबदार, पाऊस फिरला तर नाय." आणि पुढे म्हणाले, "म्हणून रोप थोडं जास्तीच टाकायचं. मेलं तर वरून लावता येतं, उरलं तर शेजाऱ्याला होतं." हे वाक्य मला फार मोलाचं वाटतं. पाऊस आपल्या हातात नाही हे कळल्यावर त्यांनी हात जोडून बसून राहणं पत्करलं नाही. जे हातात नाही ते धरून हातातल्या कामाची आखणी केली.

या गावाकडून आणखी एक शिकण्यासारखं आहे. पावसाळ्यात धो धो पाऊस झेलणाऱ्या या पट्ट्यात उन्हाळ्यात पाण्याची ओढाताण होते. इथल्याच डोंगरातून निघणारी कुकडी पुढे माणिकडोहच्या धरणात अडते आणि खालच्या गावांची शेती भिजवते. आपल्या अंगणात पडलेलं सगळंच आपल्याकडे राहत नाही. तरी नदी वाहायची थांबत नाही.

जीवधनचा धडा

घाटघरच्या डोक्यावरचा जीवधन याच विषयाचा मोठा साक्षीदार आहे. १६३३ साली दौलताबाद मोगलांनी घेतलं आणि निजामशाही जवळजवळ संपली. तेव्हा शहाजीराजांनी निजामशाही घराण्यातला मुर्तझा नावाचा लहान मुलगा जीवधनावरून सोडवला आणि संगमनेरजवळच्या पेमगिरीवर त्याला गादीवर बसवून त्याच्या नावाने स्वतः कारभार चालवला. जुन्नर, संगमनेर, नाशिकपासून कोकणापर्यंतचा मुलूख त्यांनी सुमारे तीन वर्षं सांभाळला. आकांक्षा मोठी होती आणि कर्तबगारीही तिला साजेशी होती.

पण १६३६ मध्ये बादशहा शहाजहान स्वतः दक्षिणेत उतरला. त्याच वर्षी मोगल आणि आदिलशाही यांचा तह झाला. काल ज्यांच्या मदतीची अपेक्षा, तेच समोर उभे राहिले. माहुली किल्ल्यावर वेढा पडला आणि शेवटी शहाजीराजांना मुर्तझाला मोगलांच्या स्वाधीन करावं लागलं. जीवधन, शिवनेरी, हरिश्चंद्रगड, त्र्यंबक असे किल्ले सोडावे लागले. ज्या शिवनेरीवर १६३० साली शिवबांचा जन्म झाला, तोही गेला.

इथे कर्त्यात काही कमी होतं का? दोन मोठ्या सत्ता एकत्र येणं ही त्यांच्या हातातली गोष्ट नव्हती. त्यापुढचं त्यांचं वागणं पाहण्यासारखं आहे. त्यांनी आदिलशाहीची चाकरी पत्करली, कर्नाटकात गेले, बंगळूरला बस्तान बसवलं. पुणे-सुप्याची जहागीर मात्र राखली. ती जिजाऊसाहेब आणि बाल शिवबांच्या हाती आली. जीवधनावर जे साधलं नाही त्याचं बी पुण्याच्या मातीत टिकलं. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला. शहाजीराजे १६६४ मध्येच गेले होते. तो सोहळा त्यांना पाहता आला नाही. फळ कधी, कुणाच्या ओंजळीत पडेल हे करणाऱ्याला ठाऊक नसतं. पण राखलेली जहागीर ही त्यांच्या खात्यावरचीच नोंद आहे.

गुरुचरित्रातला शेतकरी

गुरुचरित्राच्या सत्तेचाळिसाव्या अध्यायातली गाणगापूरच्या शेतकऱ्याची कथा आपण पारायणात वाचतो. श्रीगुरूंनी उभा जोंधळा कापायला सांगितला. त्याने आधी अधिकाऱ्याकडे जाऊन सरकारदेण्याची व्यवस्था लावली, मग विळा चालवला. बायकामुलांनी आक्रोश केला तरी श्रद्धा ढळली नाही. पुढे अवेळी पावसाने इतरांची पिकं गेली आणि याच्या कापलेल्या बुडख्यांना नवे धुमारे फुटले. आपण चमत्कार लक्षात ठेवतो. मला त्या माणसाचं देण्याची व्यवस्था आधी लावणंही तितकंच मोठं वाटतं. श्रद्धा होती म्हणून त्याने कर्तव्य सोडलं नाही.

थोडं स्वतःचं

१९९४ साली माझी अधिकारीपदासाठी निवड झाली. रात्री जागून परीक्षा दिली होती. नेमणूक परराज्यात होती आणि वडील अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले, भाऊ दुसरा नाही. मी नकार लिहून दिला. पुढे पुन्हा संधी आली तेव्हाही घरची परिस्थिती तीच होती. माझ्यामागून लागलेली मुलं मॅनेजर झाली आणि मी त्यांना साहेब म्हणू लागलो. वाईट वाटलं नाही असं लिहिलं तर दत्तगुरूंसमोर खोटं बोलल्यासारखं होईल. यादी लागली की दोन दिवस जेवण गोड लागत नसे.

पण हळूहळू विचार केला, की मला नेमकं काय हवं होतं? खुर्ची हवी होती, आणि कामात तरबेज व्हायचं होतं. खुर्चीचा पाऊस माझ्या हातात नव्हता. कामाचा बांध होता. बँकिंगच्या परीक्षा बढतीचा उपयोग नसतानाही पूर्ण केल्या. वडिलांना रोज सकाळी अंघोळ घालून, त्यांच्याजवळ बसून दत्तबावनी म्हणून मग शाखेत जात असे. ते सात वर्षं तसे राहिले. ही सात वर्षं मी कोणत्याही पगारवाढीच्या बदल्यात देणार नाही. तरी कुणी "तुमचं नशीब" म्हणून सांत्वन केलं, तर ते मला पटत नाही. नेमणूक कुठे मिळाली ते दैव. नकार हा माझा निर्णय.

नित्य आचरणासाठी

पूर्वी हाताने वह्या लिहीत असू तेव्हा संध्याकाळी बेरीज जुळली नाही तर आधी एकेक वाउचर तपासायचं. सगळं पाहूनही फरक सापडला नाही तरच ती रक्कम सस्पेन्स खात्यात टाकून घरी जायचं. अपयशाच्या वेळी हीच रीत ठेवावी.

१. आधी आपली वाउचरं तपासावीत. अभ्यास, वेळ, पथ्य, कागदपत्रं, यात काही राहिलं का? राहिलं असेल तर ते देवाच्या माथी मारू नये.

२. तपासूनही न उमगलेला फरक रात्री दत्तगुरूंच्या सस्पेन्स खात्यात ठेवावा आणि झोपावं. स्वतःला कोसत बसू नये.

३. इच्छा करताना तिचे दोन भाग करावेत: बांधाचा आणि पावसाचा. नातवंडांना "पहिला नंबर आण" म्हणण्यापेक्षा "रोज दोन तास बैस" म्हणावं. पहिलं त्यांच्या हातात नाही, दुसरं आहे.

४. रोप थोडं जास्त टाकावं. दुसरी वाट, थोडी शिल्लक, एखादं जास्तीचं कौशल्य राखून ठेवणं हा श्रद्धेचा अभाव नव्हे.

५. दुसऱ्याच्या अपयशावर निकाल देऊ नये. त्याचा बांध फुटला की पाऊस फिरला, हे बाहेरून दिसत नाही.

दत्तजयंतीच्या सुमारास घाटघरच्या खळ्यांवर भाताची झोडणी झालेली असते. पोतं भरलं तरी आणि अर्धं राहिलं तरी पुढच्या उन्हाळ्यात राब भाजायचा असतोच. तो भाजण्याचं बळ महाराजांनी आपणा सर्वांना द्यावं, एवढंच मागणं.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥