बाक, पार आणि दोन गज



शाळा सुटण्याच्या वेळी फाटकाशी नातवंडांची वाट पाहत उभे राहणारे आजी-आजोबा आपण रोज पाहतो. त्यांच्यासाठी आवारात दोन बाक करण्याचा विषय विश्वस्त मंडळापुढे आहे. बाक म्हणजे चार पाय आणि एक फळी, त्यात विचार तो काय करायचा, असे कुणास वाटेल. पण २०२० च्या करोना साथीने बसण्याच्या जागांविषयी बरेच शिकवले. म्हणून या अंकात हा छोटासा पाठ.

'दो गज की दूरी' हे शब्द त्या वर्षी आपल्या कानांवर सतत पडत. दोन गज म्हणजे ६ फूट, सुमारे १.८ मीटर. जागतिक आरोग्य संघटना किमान १ मीटर अंतर सांगत असे. त्यावर सोपा उपाय निघाला तो एकाआड एक जागेवर फुली मारण्याचा. सप्टेंबर २०२० मध्ये दिल्ली मेट्रो पुन्हा सुरू झाली, तेव्हा तेथेही एक आसन सोडून बसावे लागे.

आता गणित करून पाहा. ६ फुटांच्या बाकावर माणशी २ फूट धरले तर तिघे बसतात. मधल्या जागेवर फुली मारली की दोन्ही टोकांच्या माणसांत मध्यापासून मध्यापर्यंत ४ फूट राहतात. म्हणजे मीटरचा नियम पाळला गेला, दोन गजांचा नाही. शिवाय तिसरा माणूस उभाच राहिला. तो बहुधा हळूहळू चालत मागून आलेला असतो, म्हणजे बसण्याची गरज ज्याला सर्वांत जास्त तोच.

याउलट आपला जुना पार घ्या. झाडाभोवतीच्या गोल पाराची त्रिज्या ६ फूट असेल, तर त्याच्या काठावर सहा माणसे एकमेकांपासून बरोबर ६ फुटांवर बसतात. वर्तुळातील सुसम षट्कोनाची बाजू त्रिज्येइतकी असते. कंपास घेऊन खात्री करा. प्रत्येकाचे तोंड बाहेर, त्यामुळे एकाचा श्वास थेट दुसऱ्याच्या तोंडावर जात नाही. हा विषाणू हवेतूनही पसरतो आणि कोंदट खोलीत धोका वाढतो, हे पुढे स्पष्ट झाले, तेव्हा मोकळ्या हवेचे मोल अधिकच कळले. पार बांधणाऱ्यांच्या मनात साथ नसेलही, सावली मात्र नक्की होती.

पाराला दोन उणिवा आहेत. पाठीला टेका नाही, आणि गप्पा मारायच्या तर मान वळवावी लागते. गप्पांचा मुद्दा किरकोळ समजू नये. १९५० च्या दशकात कॅनडातील सस्कॅचवान प्रांतात हम्फ्री ऑस्मंड आणि रॉबर्ट सॉमर यांनी रुग्णालयातील बैठकीचा अभ्यास केला. भिंतीला लागून ओळीने मांडलेल्या खुर्च्यांवर माणसे गप्प बसत. टेबलाच्या कोपऱ्याशी काटकोनात बसलेली अधिक बोलत. तेव्हा आपले दोन बाक एका रेषेत न ठेवता कडुनिंबाखाली काटकोनात ठेवावेत, असे आम्हांस वाटते. गर्दी नसेल तेव्हा लांब सरकून बसता येईल, बोलणेही तुटणार नाही.

राहिला आराम. बाक फार बुटका असला की उठताना सगळा भार गुडघ्यांवर येतो. साधारण १८ इंच उंची बरी, आणि हात टेकायला दोन्ही बाजूंना दांडे हवेत. काही शहरांत बाकाच्या मधोमध दांडे बसवतात ते कुणी बेघर माणसाने आडवे होऊ नये म्हणून. तो हेतू आम्हांस मुळीच पटत नाही. पण तेच दांडे उठताना आधार देतात आणि दोघांमध्ये अंतरही राखतात. म्हणून एका बाकाला मधला दांडा द्यावा, दुसरा मोकळा ठेवावा. कुणाला भोवळ आली तर निजवता येईल. लोखंडी पत्रा नको. माळव्यातल्या मे महिन्यात त्यावर बसून दाखवावे! लाकडी फळ्या, मध्ये बोटभर फट सोडून, म्हणजे पावसाचे पाणी साचणार नाही.

नववीच्या विद्यार्थ्यांनी आपल्या आजी-आजोबांना खुर्चीवर बसवून, पायांत चपला असताना, जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या खोबणीपर्यंतची उंची टेपने मोजावी व येत्या शनिवारपर्यंत कार्यालयात लिहून द्यावी. घरी आजी-आजोबा नसतील तर शेजारच्यांना विचारावे. सुताराकडून अंदाजपत्रक ही मापे हाती आल्यावरच मागवू.