ग्रंथसूची आणि संगणकाचें जाळें

ग्रंथांचा साठा मोठा असला म्हणजे ग्रंथालय झालें असें नव्हे. हवा तो ग्रंथ हव्या त्या वेळीं हातीं येणें हें ग्रंथालयाचें खरें लक्षण होय. आणि तें सूचीवर अवलंबून असतें. संगणकाच्या जाळ्यानें ग्रंथालयें निकामी केलीं, असें पुष्कळदां ऐकूं येतें. परंतु इतिहास पाहतां या दोघांनीं परस्परांस घडविलें आहे, असें आम्हांस वाटतें.

पूर्वीं प्रत्येक ग्रंथाचीं कार्डें लिहून तीं खणांत लावीत. कार्डावर ग्रंथकार कोठें व विषय कोठें, हें माणसास नजरेनें कळे. यंत्रास कसें कळावें? अमेरिकेंतील लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्यें हेन्रिएट ॲव्ह्रम या विदुषीनें १९६० नंतरच्या दशकांत हा प्रश्न सोडविला. 'मार्क' नांवाच्या त्या पद्धतींत प्रत्येक बाबीस अंक असतो: १०० म्हणजे मुख्य ग्रंथकार, २४५ म्हणजे ग्रंथनाम, ६५० म्हणजे विषय. अशा रीतीनें सूचिकाराची शिस्त यंत्रानें उचलली.

१९६७ सालीं ओहायो संस्थानांतील महाविद्यालयांनीं सामायिक सूचीसाठीं एक संस्था काढली. २६ ऑगस्ट १९७१ रोजीं अथेन्स गांवच्या ओहायो विद्यापीठाच्या ग्रंथालयानें, टेलिफोनच्या तारेनें कोलंबसच्या संगणकाशीं जोडलेल्या यंत्रावर, ग्रंथ नोंदविण्यास आरंभ केला. एकानें केलेली नोंद सर्वांच्या उपयोगीं पडूं लागली. तेच श्रम दहा ठिकाणीं करण्याचें कारण उरलें नाहीं. मौज अशी कीं, आरंभीं हें जाळें ग्रंथालयांस कार्डेंच छापून पुरवीत असे! पुढें सूची पडद्यावर वाचतां येऊं लागली, आणि १ ऑक्टोबर २०१५ रोजीं त्या संस्थेनें शेवटचीं कार्डें छापलीं.

परंतु लाभाबरोबर जबाबदारीही वाढली. खणांतील चुकीचें कार्ड एकाच ग्रंथालयास नडे. जाळ्यांतील चुकीची नोंद अनेक ग्रंथालयांत जाऊन बसते. एकाच मराठी ग्रंथकाराचें नांव रोमन लिपींत दोन तऱ्हांनीं लिहिलें गेलें, तर यंत्र त्यास दोन माणसें समजतें. मग त्याचे अर्धे ग्रंथ वाचकास सांपडतच नाहींत. म्हणून ग्रंथपाल प्रत्येक नांवाचें एक प्रमाण रूप ठरवून बाकीचीं रूपें त्याशीं जोडून देतात. हें काम कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं. परंतु त्यावांचून जाळें म्हणजे नुसता गुंताच.

विद्यार्थीमित्रहो, पडद्यावर क्षणांत उत्तर उमटतें, तें अशाच कोणीं काळजीपूर्वक केलेल्या नोंदीचें फळ असतें. तुम्हीही वहींत उतारा लिहाल तेव्हां ग्रंथकाराचें नांव, ग्रंथ व पृष्ठ अचूक टिपून ठेवा. लहान कामांतील हा विश्वासूपणा पुढच्या वाचकाची वाट सोपी करील.