डोकं दुखतंय, पण मूळ मानेत

मानेचा एक्स-रे पाहून घाबरलेले रुग्ण मला नेहमी भेटतात. ‘मणका घासलाय’ असं कुणीतरी सांगितलेलं असतं आणि महिनोन्‌महिने ठणकणाऱ्या डोक्याचं कारण सापडलं, असं त्यांना वाटतं. पण चाळिशी ओलांडलेल्या पुष्कळ माणसांच्या एक्स-रेत मणक्यांची झीज दिसते आणि त्यांतल्या अनेकांना काहीच दुखत नसतं. शिवाय ही झीज बहुतेक वेळा मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्याजवळ असते. मानेमुळे होणारी डोकेदुखी मात्र वरच्या तीन मणक्यांच्या भागातून येते. एक्स-रेवर जिथे बोट ठेवून दाखवतात, तिथून ही डोकेदुखी सहसा निघतच नाही.

मग मानेतलं दुखणं कपाळावर, डोळ्यामागे कसं जाणवतं? मानेच्या वरच्या तीन नसा आणि चेहऱ्याची संवेदना नेणारी नस, या दोन्हींचे संदेश मज्जारज्जूच्या वरच्या टोकाला एकाच ठिकाणी पोचतात. मेंदूला ते नेमके कुठून आले हे ओळखता येत नाही. सांधा मानेतला दुखतो आणि बाम चोळला जातो कपाळाला. नॉर्वेचे डॉक्टर ओट्टार स्यास्टाड यांनी 1983 मध्ये या डोकेदुखीची वेगळी ओळख करून दिली.

ती ओळखायची तिच्या वागण्यावरून. दुखणं मानेत किंवा डोक्याच्या मागच्या बाजूला सुरू होतं, पुढे सरकतं आणि बहुधा एकाच बाजूला राहतं. मान वळवली, बराच वेळ खाली घातली की वाढतं. एका बाजूला मान पूर्ण वळत नाही. मानेवर विशिष्ट जागी दाबलं की ओळखीची डोकेदुखी उठते. याउलट डोकं ठणठणत असेल, उजेड-आवाज नकोसा होत असेल, मळमळ किंवा उलटी होत असेल, तर अर्धशिशीची शक्यता जास्त. अर्धशिशीतही मान दुखते, म्हणून नुसत्या मानदुखीवरून निदान करू नये. ‘पित्त झालं’ म्हणून वर्षानुवर्षं अंगावर काढलेली डोकेदुखी तपासली की बऱ्याचदा अर्धशिशी निघते आणि तिचे उपचार वेगळे आहेत.

आपलं दोंडाईचा मिरचीच्या बाजारासाठी ओळखलं जातं. हंगामात ढिगापुढे बसून मिरची निवडणाऱ्या, देठं खुडणाऱ्या बायकांची मान तासन्‌तास वाकलेली असते. माणसाच्या डोक्याचं वजन साधारण साडेचार ते पाच किलो. मान पुढे झुकली की ते पेलताना मागच्या स्नायूंवरचा ताण कितीतरी वाढतो. मोबाइलवर वाकलेल्या मुलांचं, शिलाई मशिनवर बसणाऱ्यांचं तेच. व्यापारी बंधूंना माझी कळकळीची विनंती आहे: माल जमिनीवर न ठेवता बाजेवर किंवा फळीवर उंच घ्या आणि बायकांना अर्ध्या-पाऊण तासाने दोन मिनिटं उठू द्या. गोळ्यांनी होणार नाही एवढा फरक याने पडेल.

उपचारात सगळ्यात भरवशाचा भाग व्यायामाचा. ऑस्ट्रेलियात ग्वेन जुल आणि सहकाऱ्यांनी 200 रुग्णांवर केलेला अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. सहा आठवड्यांच्या व्यायामाचा आणि हाताने केलेल्या उपचारांचा फायदा वर्षभरानंतरही टिकून होता. घरी करता येईल असा व्यायाम सांगतो. पाठीवर झोपा, डोक्याखाली घडी केलेलं फडकं घ्या. डोकं न उचलता ‘हो’ म्हटल्यासारखी हनुवटी हलकेच गळ्याकडे न्या, दहा सेकंद धरा, सोडा. असं दहा वेळा, दिवसातून दोनदा. जोर लावायचा नाही. दुखलं किंवा चक्कर आली तर थांबा. पहिल्या आठवड्यात फरक दिसला नाही म्हणून सोडू नका. एकदा फिजिओथेरपिस्टकडून पद्धत तपासून घ्या. जाड दोन उशा काढून मान सरळ राहील अशी एकच घ्या. गरम पाण्याचा शेक चालतो. पट्टा मात्र महिनोन्‌महिने लावू नका, त्याने मानेचे स्नायू आणखी दुबळे होतात.

वेदनाशामक गोळी चार दिवस ठीक. पण तीन महिन्यांहून अधिक काळ, महिन्यातले पंधरा किंवा जास्त दिवस साधी गोळी घेत राहिलं, तर गोळीच डोकेदुखीचं कारण बनते. मिश्र गोळ्यांना तर दहाच दिवस पुरतात. बीपी, किडनी किंवा अल्सरचा त्रास असणाऱ्यांनी दुकानातून मागून घेतलेली गोळी मुळीच घेऊ नये. व्यायामाने भागलं नाही, तर नसेजवळ इंजेक्शन देण्याचा पर्याय तज्ज्ञांकडे असतो.

आणि सलूनमध्ये झटका देऊन मान ‘मोडून’ घेणं कायमचं बंद करा. अशा झटक्याने मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात होऊ शकतो.

काही डोकेदुख्यांत मानेचा विचार करत बसायचंच नाही. क्षणात टोकाला गेलेली, आयुष्यात कधी झाली नव्हती एवढी डोकेदुखी. ताप येऊन मान ताठणं. बोबडी वळणं, तोंड वाकडं होणं, हातापायाची शक्ती जाणं. अपघातानंतरचं किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेलं दुखणं. दिसण्यात अचानक बिघाड. पन्नाशीनंतरच्या नव्या दुखण्यासाठी, इतर काही लक्षण नसलं तरी, त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. बाकी यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. 108 ला फोन करा आणि रुग्णाला लगेच मोठ्या रुग्णालयात न्या.