ओळख पटते, ओळख होते

प्रास्ताविक

परीक्षेच्या अर्जाला तुम्ही स्वतःचे छायाचित्र जोडले असेल. समोर पाहणारा चेहरा, मागे साधा पडदा. त्या छायाचित्राचे काम एकच : अर्ज करणारी व्यक्ती हीच, याची खात्री पटवणे. घराच्या भिंतीवर मात्र आजीचे एखादे जुने छायाचित्र असते. तिला कधीही न भेटलेला पणतूही ते पाहून म्हणतो, ‘पणजी मोठी करारी असणार!’ पहिल्या छायाचित्राने माणसाची ओळख पटते. दुसऱ्याने माणसाशी ओळख होते. अशा दुसऱ्या प्रकारच्या छायाचित्राला आपण ‘व्यक्तिचित्र’ म्हणू. ही ओळख कशी होते आणि तिच्यावर कितपत विसंबावे, याचा विचार या पाठात केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• ओळखपत्रावरील छायाचित्र आणि व्यक्तिचित्र यांतील फरक सांगू शकाल;
• मुद्रा, हात, वस्तू आणि मांडणी यांतून स्वभाव कसा सूचित होतो, हे स्पष्ट करू शकाल;
• छायाचित्र काय सांगते व काय सांगत नाही, याविषयी स्वतःचे मत मांडू शकाल.

मूळ पाठ

छायाचित्रणाची कला १८३९ साली जगापुढे आली. त्या काळी चित्र उमटण्यास बराच वेळ लागे. समोरच्या व्यक्तीने हलू नये म्हणून तिच्या डोक्यामागे लोखंडी टेकू लावत. एवढा वेळ चेहऱ्यावर हसू टिकवणे कठीण. म्हणून त्या काळातील माणसे आपल्याला गंभीर, काहीशी कठोर दिसतात. ती सारीच स्वभावाने कठोर होती, असे नाही. चेहरा वाचताना पहिली सावधगिरी बाळगायची ती ही : जे दिसते त्यातले काही माणसाचे असते, तर काही यंत्राचे.

पुढे कॅमेरा वेगवान झाला आणि निमिषमात्राचा भावही टिपू लागला. तेव्हा नवा प्रश्न उभा राहिला, तो निवडीचा. असंख्य क्षणांतला कोणता क्षण त्या माणसाचा म्हणावा?

मार्गारेट बर्क-व्हाइट ही अमेरिकन छायाचित्रकार १९४६ साली ‘लाइफ’ या नियतकालिकासाठी गांधीजींचे छायाचित्र घेण्यास आली. तिला आधी सूत कातायला शिकण्याची अट घालण्यात आली. तिने ती पाळली आणि मगच तिला कॅमेरा उघडता आला. तिने टिपलेल्या प्रसिद्ध चित्रात चरखा अगदी पुढे आहे आणि मोठा दिसतो. त्याच्यामागे जमिनीवर बसलेले गांधीजी वाचनात गढून गेले आहेत. ते कॅमेऱ्याकडे पाहतही नाहीत. माणसाच्या पुढे त्याचे काम ठेवणारी ही मांडणीच त्या माणसाविषयी बरेच काही सांगून जाते. ज्याचे चित्र घ्यायचे, त्याच्या कामाशी थोडा वेळ तरी बसावे, हाच त्या अटीचा अर्थ नव्हे काय?

दुसरे उदाहरण अगदी निराळे आहे. दुसरे महायुद्ध चालू असताना, ३० डिसेंबर १९४१ रोजी, ब्रिटनचे पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांनी ओटावा येथे कॅनडाच्या संसदेत भाषण केले. त्यानंतर शेजारच्या दालनात यूसुफ कार्श हा छायाचित्रकार त्यांची वाट पाहत होता. चर्चिल यांना याची पूर्वकल्पना नव्हती. ते नाखुशीनेच तयार झाले. तोंडातली चिरूट मात्र ते बाजूला ठेवीनात. कार्श पुढे झाला आणि क्षमा मागून त्याने ती चिरूट अलगद काढून घेतली. चर्चिल यांच्या कपाळावर आठ्या पडल्या, आणि त्याच क्षणी कार्शने कळ दाबली. जगाने त्या चेहऱ्यात युद्धात न डगमगणाऱ्या राष्ट्राचा निर्धार पाहिला. वास्तविक तो राग चिरुटीपायी आलेला होता! लगेच नंतर कार्शने आणखी एक छायाचित्र घेतले. त्यात चर्चिल हसत आहेत. दोन्ही चित्रे खरीच. पण जगाला हवा होता तो पहिला चेहरा. भारताच्या स्वातंत्र्याला याच गृहस्थांनी कडाडून विरोध केला होता. ही गोष्ट मात्र दोहोंपैकी कोणत्याच चित्रातून कळत नाही. त्यासाठी इतिहासच वाचावा लागतो.

तिसरे उदाहरण आपल्याला अंतर्मुख करणारे आहे. १९३६ साली अमेरिका महामंदीत होरपळत होती. कॅलिफोर्नियातील निपोमो येथे गारठ्याने मटाराचे पीक गेले आणि तोडणीसाठी आलेले मजूर उपाशी अडकून पडले. सरकारी कामावर असलेली डोरोथिया लँग त्या रस्त्याने घरी परतत होती. मजुरांच्या छावणीची पाटी मागे टाकून ती कित्येक मैल पुढे गेली, आणि मग गाडी वळवून परत आली. तंबूत मुलांना घेऊन बसलेल्या एका स्त्रीची तिने थोडकीच छायाचित्रे घेतली. त्यांतल्या एकात दोन मुले आईच्या खांद्यांआड तोंड लपवून उभी आहेत, मांडीवर तान्हे मूल आहे. आईचा हात गालापाशी आला आहे आणि नजर दूर कुठेतरी लागली आहे. मुलांचे चेहरे दिसत नाहीत, म्हणून आपली नजर त्या आईच्या चेहऱ्यावरच खिळते. ‘स्थलांतरित माता’ या नावाने हे चित्र जगभर गेले. ते छापून येताच छावणीकडे अन्न रवाना झाले; पण तोवर ते कुटुंब पुढे निघून गेले होते.

लँगने त्या स्त्रीचे नाव विचारले नव्हते. कुटुंबाने गाडीचे टायर विकून अन्न घेतले, असे तिने नोंदवले. कुटुंबीयांनी पुढे ते नाकारले. त्या मातेचे नाव फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन. ते लोकांना कळले १९७८ साली, म्हणजे ४२ वर्षांनंतर. ती चेरोकी या मूळ अमेरिकन जमातीची होती, हेही तेव्हाच उघड झाले. आपले छायाचित्र घेतलेच नसते तर बरे झाले असते, अशी व्यथा तिने बोलून दाखवली. जगाला तिची चिंता ठाऊक होती. ती स्वतः मात्र कोणालाच ठाऊक नव्हती. तिच्या चेहऱ्याशी साऱ्यांची ओळख झाली, पण तिची ओळख कोणालाच पटली नव्हती.

चेहरा बोलतो हे खरे. पण तो सगळेच बोलत नाही. चांगले व्यक्तिचित्र माणसाच्या स्वभावाचे दार किलकिले करते. आत जायचे तर त्या माणसालाच विचारावे लागते. आज अनेकांच्या हाती कॅमेरा असलेला फोन आहे. कोणाचे छायाचित्र घेण्यापूर्वी त्याची संमती घ्यावी, नाव विचारावे आणि दोन शब्द बोलावेत. चित्र कदाचित अधिक चांगले येईल. माणूस तर निश्चितच अधिक कळेल.

शब्दार्थ

करारी – दृढनिश्चयी. निमिषमात्र – क्षणभर. निर्धार – ठाम निश्चय. अंतर्मुख – स्वतःच्या मनात डोकावणारा. व्यथा – मनाचे दुःख

पाठगत प्रश्न

१. जुन्या छायाचित्रांतील माणसे गंभीर का दिसतात?
२. गांधीजींच्या छायाचित्रातील चरख्याच्या स्थानावरून काय सूचित होते?
३. ‘दोन्ही चित्रे खरीच’ असे लेखात कोणत्या संदर्भात म्हटले आहे?
४. ‘ओळख पटणे’ आणि ‘ओळख होणे’ यांचा अर्थभेद दोन वाक्ये करून स्पष्ट करा.

उपक्रम

घरातील किंवा शेजारच्या एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीचे जुने छायाचित्र मिळवा. त्यावरून तिच्या स्वभावाविषयी पाच वाक्ये लिहा. नंतर त्या व्यक्तीशी, किंवा तिला ओळखणाऱ्यांशी बोला. आपली कोणती वाक्ये बदलावी लागली, ते नोंदवा.