एका फेऱ्यात किती वेळा?

चि. बाळास,


परवा फोनवर म्हणालास, "आत्या, शाफ्टचा कोन मोजायचं काम माझ्याकडे आलंय. रिझॉल्व्हरकडून साइन आणि कोसाइन घ्यायचे, आर्कटॅन काढायचा, संपलं." सूत्र तेवढंच आहे, खरं. पण शाफ्ट आणि ते सूत्र यांच्या मधे कपलिंग आहे, बेअरिंग आहे, दोन-तीन मीटर वायर आहे, रेझिस्टर आहेत, एडीसी आहे. प्रत्येक जण कोनात आपली थोडी थोडी भर घालतो. मोटर ड्राइव्हच्या टेस्ट बेंचवर माझी अठ्ठावीस वर्षं ही भर शोधण्यातच गेली.

मला काम शिकवणाऱ्या वरिष्ठांनी पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न कानात घातला होता: "चूक एका फेऱ्यात किती वेळा येते?" किती अंशांची चूक, हे त्यांना नंतर ऐकायचं असे. तोच कानमंत्र आज तुझ्या हाती देते.

पहिली गोष्ट. कोड उघडण्याआधी वीज तोडून शाफ्टला हात लाव. हाताने फिरवून बघ, डायल लावून रनआउट घे, कपलिंगचे स्क्रू तपास. एन्कोडरच्या चकतीवरचा रेषांचा पट्टा 20 मिलिमीटर त्रिज्येवर असेल आणि चकती केंद्रापासून फक्त 20 मायक्रॉन सरकलेली असेल, तरी कोन 0.057 अंश पुढेमागे होतो. ही चूक फेऱ्यात एकदाच येते. 1024 रेषांच्या एन्कोडरचे चौपट केलेले 4096 काउंट धर, म्हणजे एक काउंट 0.088 अंशांचा. केसाहून बारीक सरकण्याने अर्ध्याहून जास्त काउंट गेला. ही चूक शाफ्टच्याच वेगाने फिरते, वेग बदलला की तिची फ्रीक्वेन्सीही बदलते, म्हणून फिल्टर तिला धरू शकत नाही. समोरासमोर, 180 अंशांवर दोन रीडिंग हेड लावून सरासरी घेतलीस की ती कटते.

दुसरी गोष्ट. कोन काढण्याआधी वर्तुळ काढ. शाफ्ट सावकाश फिरवत साइन आडव्या अक्षावर आणि कोसाइन उभ्या अक्षावर मांड. सगळं ठीक असेल तर मधोमध बसलेलं गोल वर्तुळ दिसेल. वर्तुळाचं केंद्र सरकलं असेल तर ऑफसेट आहे. अक्षांच्या दिशेने लंबगोल झालं असेल तर दोन चॅनेलचे गेन सारखे नाहीत. लंबगोल तिरका पडला असेल तर दोन सिग्नलमध्ये नेमका 90 अंशांचा फरक राहिलेला नाही.

आता कानमंत्र लाव. एका चॅनेलमध्ये एक टक्का ऑफसेट असेल तर चूक सुमारे 0.57 अंशांची आणि विद्युत फेऱ्यात एकदा येणारी. गेनमध्ये एक टक्का फरक असेल तर सुमारे 0.29 अंशांची आणि दोनदा येणारी. 90 अंशांत एका अंशाची तूट असेल तर कोन अर्धा अंश हलतो, तोही दोनदा. 'विद्युत फेरा' हा शब्द नीट ध्यानात ठेव. एका पोल-जोडीच्या रिझॉल्व्हरमध्ये तो शाफ्टच्या फेऱ्याएवढाच असतो. 1024 रेषांच्या साइन-कोसाइन एन्कोडरमध्ये मात्र शाफ्टच्या एका फेऱ्यात असे 1024 विद्युत फेरे होतात. त्यामुळे तिथे ऑफसेटची चूक 1024 वेळा दिसते आणि चकतीची चूक एकदाच. चूक इलेक्ट्रॉनिक्सची की फिटिंगची, हे मोजणीच सांगते.

सुरुवातीच्या काळात एक मोटर कमी वेगात थरथरत होती. मी तीन आठवडे फिल्टरमागून फिल्टर बदलत राहिले. थरथर कमी व्हायची, पण मोटरचा प्रतिसादही मंदावायचा. शेवटी वरिष्ठांनी तोच प्रश्न विचारला. मोजलं, तर फेऱ्यात दोनदा. तासाभरात सापडलं: एका चॅनेलच्या गेनचा रेझिस्टर चुकीच्या किमतीचा बसला होता. तो बदलला, सगळे जादा फिल्टर काढून टाकले, आणि मोटर शांत फिरायला लागली. त्या दिवसापासून मोजल्याशिवाय मी फिल्टरला हात लावला नाही.

तिसरी गोष्ट सॅम्पल घेण्याची. रिझॉल्व्हरला 10 किलोहर्ट्झची उत्तेजना देत असशील तर दर 50 मायक्रोसेकंदांनी एक शिखर येतं, एकदा वरचं, एकदा खालचं. सॅम्पल शिखरावरच घे. वरच्या शिखराच्या सॅम्पलमधून खालच्या शिखराचं वजा केलंस की एडीसीचा स्वतःचा ऑफसेट आपोआप जातो. रिझॉल्व्हर आणि वायर मिळून सिग्नल थोडा मागेपुढे सारतात, म्हणून शिखर डेटाशीटवरून ठरवू नकोस. जी वायर शेवटी लागणार आहे तीच लावून स्कोपवर बघ.

चौथी गोष्ट. 359 आणि 1 या अंशांची साधी सरासरी 180 येते, म्हणजे शाफ्ट थेट उलट्या दिशेला! कोनाची सरासरी कधी घेऊ नकोस. साइन आणि कोसाइनची घे आणि मग कोन काढ. कोन साठवताना पूर्ण फेऱ्याला 65536 मान आणि 16 बिटांत ठेव. दोन कोनांची वजाबाकी चिन्हासह 16 बिटांत केलीस की शून्यावरची उडी आपसूक मिटते. अट एकच: दोन सॅम्पलच्या मधे अर्ध्या फेऱ्याहून कमी फिरणं व्हायला हवं.

पाचवी गोष्ट. फेऱ्यात शून्य वेळा येणारी चूकही असते. 6000 आरपीएमला शाफ्ट सेकंदाला 36,000 अंश फिरतो. गणिताला 100 मायक्रोसेकंद लागले तर कोन 3.6 अंश शिळा झाला. चार पोल-जोड्यांच्या मोटरला ते 14.4 विद्युत अंश होतात. ओळखायचं असं: त्याच वेगाने दोन्ही दिशांना फिरव. दिशा उलटल्यावर ज्याचं चिन्ह उलटतं तो उशीर; जे तसंच राहतं ती बसवतानाची शून्याची चूक. दोन इंटिग्रेटरचा ट्रॅकिंग लूप स्थिर वेगात मागे पडत नाही, पण वेग वाढताना पडतो. त्याची मोजणी वेगळी कर.

जॅक व्होल्डर यांनी 1959 साली मांडलेली कॉर्डिक पद्धत तू वापरशीलच. बी-58 विमानाच्या दिशादर्शक संगणकातल्या अॅनालॉग रिझॉल्व्हरच्या जागी डिजिटल गणित आणायचं म्हणून ती जन्मली. नुसत्या बेरजा आणि बिट सरकवणं, एवढ्यावर ती कोन काढते. सोळा पायऱ्यांत गणिताची चूक 0.002 अंशांच्या आसपास येते. आणि गेनमधला एक टक्का तिच्या शंभराहून जास्त पट खातो. म्हणून पायऱ्या वाढवण्याआधी वर्तुळ गोल कर.

शेवटची गोष्ट सुरक्षेची. साइनचा वर्ग अधिक कोसाइनचा वर्ग, ही बेरीज प्रत्येक सॅम्पलला तपास. वायर तुटली की ती ढळते. ढळली की ड्राइव्ह बंद झालाच पाहिजे, कारण मशीनजवळ कुणीतरी उभं असतं.

एक वही कर. प्रत्येक मोटरचं पान, पानावर वर्तुळ, आणि खाली एकच आकडा: चूक एका फेऱ्यात किती वेळा आली. पहिलं पान भरलंस की मला दाखवायला आण.

तुझी,
आत्या