मोबाइलवर नोकरी शोधताना : थान उघडल्याशिवाय इसार देऊ नका

मागच्या उन्हाळ्यात, ऐन लग्नसराईच्या गर्दीत, आमच्या दुकानासाठी कुर्ते शिवून देणारे एक कारागीर मुलाला घेऊन गादीवर आले. मुलगा बारावी पास, वडिलांच्या हाताखाली मशीनवर बसणारा. त्याने मोबाइल पुढे केला. "चाचा, दुबईत टेलर पाहिजेत, हे बघा." इंग्रजीतले पत्र, वर कंपनीचा शिक्का, खाली सही. फॉर्म फी म्हणून २,५०० रुपये त्याने फोनवरून पाठवूनही दिले होते. आता व्हिसाचे म्हणून ९० हजार मागत होते. घरातल्या बांगड्या सराफाकडे ठेवायचे बापलेकांचे ठरले होते. माझ्याकडे ते सल्ल्यासाठी नव्हे, कमी पडणाऱ्या वीस हजारांच्या उसनवारीसाठी आले होते.

माझे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. संगणक मी २०१७ साली जीएसटी आला तेव्हा नाइलाजाने शिकलो. पण सुरतेच्या नव्या पार्टीकडून माल मागवताना आपण काय करतो? नमुन्याच्या कापडावर विसंबून गाठोड्याचे पैसे पाठवत नाही. थान उघडतो, पन्ना मोजतो, पार्टीची चौकशी करतो. नोकरी शोधणाऱ्यानेही हेच करायचे आहे आणि त्याची साधने आज फुकट आहेत.

परदेशी नोकरीसाठी केंद्र सरकारचे 'ई-मायग्रेट' हे संकेतस्थळ २०१४ पासून आहे. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार परदेशात कामगार पाठवणाऱ्या एजंटाला सरकारी परवाना लागतो. परवानाधारक एजंटांची यादी येथे नावानिशी पाहता येते. कोणाचा परवाना चालू, कोणाचा संपला, कोणाचा रद्द, तेही कळते. बिनपरवाना एजंटांचीही यादी आहे. एजंटाने आपला परवाना क्रमांक दिला तर तो मुकाट्याने वहीत लिहून घ्यावा आणि घरी येऊन ताडून पाहावा. नियमाप्रमाणे एजंटाला कामगाराकडून ३० हजार रुपये व त्यावर जीएसटी, एवढेच घेता येते; तेही पावती देऊन. नव्वद हजाराचा आकडा ऐकताच आपल्याला शंका यायला हवी होती.

जो दहावी पास नाही त्याला सौदी अरब, अमिरात, कुवेत, कतार, ओमान अशा १८ देशांत कामाला जाण्यापूर्वी सरकारची परवानगी घ्यावी लागते. तिच्यासोबत प्रवासी भारतीय बीमा योजनेचा दहा लाखांचा विमाही काढावा लागतो. पुष्कळ लोक ही परवानगी म्हणजे कटकट समजतात आणि व्हिजिट व्हिसावर निघून जातात. तिथे गेल्यावर ना करार हातात, ना विमा. दहावी पास असणाऱ्याला ही परवानगी लागत नाही. म्हणजे त्याचे कागद कोणी दुसरा पाहत नाही. त्याने स्वतःच दुप्पट पाहावे. सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने थायलंडमधील खोट्या आयटी नोकऱ्यांबद्दल इशारा दिला होता. तरीही मार्च २०२५ मध्ये ५४९ भारतीयांना म्यानमारच्या सीमेवरील अशा अड्ड्यांतून सोडवून विमानाने परत आणावे लागले. त्यांतले पुष्कळ जण शिकलेले होते.

आम्ही गादीवर बसूनच यादी पाहिली. मुलाच्या एजंटाचे नाव तिथे नव्हते. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत.

आता देशातल्या नोकरीकडे येऊ. पुण्यात गोदामात पॅकिंग, पगार बावीस हजार, युनिफॉर्मचे अठराशे आधी भरा, असे संदेश आमच्या मोहल्ल्यातही फिरतात. अशा कंपनीचा जीएसटी नंबर मागा. पंधरा अंकी-अक्षरी हा नंबर जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की कंपनीचे नाव, पत्ता, नोंदणीची तारीख आणि नोंदणी चालू की रद्द हे कोणालाही दिसते. पहिले दोन अंक राज्याचे; २७ म्हणजे महाराष्ट्र, २४ म्हणजे गुजरात. पुण्याची म्हणवणारी कंपनी दुसऱ्याच राज्यात, तीही दोन महिन्यांपूर्वी नोंदलेली निघाली, तर समजून जावे. वर्षाला चाळीस लाखांच्या आतली उलाढाल असलेल्या छोट्या मालविक्रेत्याकडे हा नंबर नसू शकतो, ते खरे. चोर दुसऱ्याचा नंबरही देतो. म्हणून दिसलेल्या पत्त्यावर ओळखीचा माणूस पाठवा. नोकरीसाठी आधी पैसे मागणारा मालक मात्र मी आयुष्यात पाहिलेला नाही. मीही चार माणसे कामाला ठेवतो. त्यांना पैसे मी देतो.

सरकारी दारे दोन आहेत. केंद्राची 'नॅशनल करिअर सर्व्हिस' २०१५ पासून चालते, राज्याचे 'महास्वयम' आहे. दोन्हींवर नोंदणीला पैसा लागत नाही. पूर्वी ज्याला आपण सेवायोजन कार्यालय म्हणत होतो तेच आज जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र झाले आहे. बीडलाही ते आहे. मोबाइलवर फॉर्म अडला तर तिथे जाऊन विचारावे. आयटीआय झालेल्यांनी अॅप्रेंटिसशिपच्या सरकारी संकेतस्थळावरही नाव घालावे. १९६१ च्या कायद्याने कारखान्यात शिकाऊ उमेदवाराला विद्यावेतन मिळते. संकेतस्थळाचा शेवट 'डॉट गव्ह डॉट इन' असा आहे ना, एवढे पाहायला विसरू नये, कारण हुबेहूब नक्कलाही असतात. दुकानदार बंधूंनाही सांगतो, या दोन्ही ठिकाणी मालकाला माणूस हवा असल्याची जाहिरात फुकट देता येते. आपण मात्र दुकानावर पाटी लावून बसतो.

नोंदणी करताना आमच्या मुलांची गाडी नावावर अडते. मराठवाड्यात शाळेच्या दाखल्यावर 'शेख' मुलाच्या नावाआधी एकदा आणि बापाच्या नावाआधी पुन्हा एकदा लिहिण्याची जुनी पद्धत. आधारवर तोच शेख शेवटी जातो. कुठे सय्यद, कुठे सैय्यद. कुठे मोहम्मद पुरा, कुठे नुसता 'मो.' संगणकाला हे तीन वेगळे इसम वाटतात. नोकरी लागल्यावर बँक आणि पीएफच्या वेळीही हाच घोळ निघतो. दहावीच्या प्रमाणपत्रावरचे नाव पाया धरावे आणि बाकी कागद त्याप्रमाणे करावेत. आधारवरचे नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, म्हणून घाईने बदलू नये. गरज पडल्यास राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करावा. तो अर्जही आता ऑनलाइन होतो. मोबाइल नंबर एकच ठेवावा. दर सणाला नवे सिम घेणाऱ्या मुलाला मुलाखतीचा फोन येणार कुठे?

दुसरी खोट माहिती लिहिण्यात. आमच्या मुलाने अनुभवाच्या रकान्यात 'शिलाई काम' एवढेच लिहिले होते. मी त्याला विचारत गेलो आणि लिहवून घेतले: साधी मशीन, ओव्हरलॉक, काज-बटण; कुर्ता व पायजम्याची कटिंग स्वतः; दिवसाला किती नग; कोणत्या साली काम सुरू केले. पान भरले. तो स्वतःच चकित होऊन वाचत बसला. स्वतःचा धंदा करणाऱ्या दर्जी, सुतार, लोहार, गवंडी अशा १८ हुनरांसाठी सप्टेंबर २०२३ मध्ये पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्यात प्रमाणपत्र व ओळखपत्र मिळते. त्याच्या वडिलांना मी तिकडे पाठवले आहे.

पैसे गेले असतील तर लाजेने गप्प बसू नये. १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या पुढच्या खात्यांत सरकतात. या मुलाने आठवडा घालवला होता. तक्रार नोंदली, २,५०० काही परत आले नाहीत. बांगड्या घरातच राहिल्या. दिवाळीच्या सुमारास वाळूजहून एका शिलाई युनिटचा फोन आला. पगार दुबईच्या पत्रातल्या आकड्याच्या पाव हिश्शाएवढा आहे, यावर त्याचे वडील अजून नाराज आहेत. मुलगा मात्र दर महिन्याच्या सात तारखेला घरी पैसे पाठवतो.