कापसामागचा माणूस

तासगावच्या बाजारात बेदाण्याचे सौदे होतात, तेव्हा अफगाणिस्तानात, इराणात यंदा पीक कसे आले याची विचारपूस होते. परदेशाची वार्ता अशी मालाबरोबर येते. पण ती बहुधा भावापुरतीच असते. तो माल पिकविणाऱ्या हातांची चौकशी क्वचितच कोणी करतो.

महाराष्ट्रातील पुष्कळांना अमेरिकेची ओळखही प्रथम भावातूनच झाली. १८६१ मध्ये तेथील उत्तर व दक्षिण राज्यांत युद्ध पेटले. दक्षिणेचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून गिरणीवाले हिंदुस्थानच्या कापसाकडे वळले. भाव कडाडले; मुंबईत पैशाचा जणू पूर लोटला. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि अनेक पेढ्या बुडाल्या. बाजाराने त्या युद्धातून घेतले ते एवढेच!

पुण्यात जोतीराव फुले यांनी त्या युद्धाकडे निराळ्या दृष्टीने पाहिले. त्यांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे. अमेरिकेच्या दक्षिण भागात सुमारे ४० लाख कृष्णवर्णीय माणसे गुलाम होती. त्यांची गुराढोरांप्रमाणे विक्री होई. आईपासून मूल तोडून नेले जाई. गुलामांनी आपल्या मुक्तीसाठी जिवावर उदार होऊन झुंज दिली. ज्यांना या अन्यायाची झळ नव्हती, असे अनेक गोरे लोकही त्यांच्या बाजूने उभे राहिले, आणि १८६५ मध्ये ही गुलामगिरी कायद्याने बंद झाली.

आपल्याकडे माणसांचा असा बाजार भरत नव्हता, असे कोणी म्हणेल. परंतु अस्पृश्यांना पाणवठ्यावर मज्जाव होता आणि शूद्रातिशूद्रांना विद्या दुर्लभ होती. दूरच्या दुःखाविषयी हळहळणे सोपे. आपल्या अंगणातील दुःख ओळखणे अवघड. जोतीरावांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १८७३ मध्ये त्यांचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ निघाला. तो त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला आणि आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा, अशी इच्छा प्रकट केली.

साताऱ्याच्या शाळेत काही काळ शिकलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीयांचे विद्वान नेते ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे गाऱ्हाणे संयुक्त राष्ट्रांपुढे मांडणाऱ्या अर्जाच्या दोनतीन प्रती त्यांनी मागितल्या. अस्पृश्यांनाही तोच मार्ग धरावा लागेल, असे त्यांच्या मनात होते. ड्यू बॉइस यांचे सहानुभूतीचे उत्तर त्याच वर्षी जुलैमध्ये आले.